बीसीएम बदलण्याआधी जुनाच डबा एकदा काढून नीट बसवा

निफाड तालुक्यातल्या एका भावाने विचारलं आहे. त्यांची २०१३ची पिकअप आहे, १२ व्होल्टची. हंगामात द्राक्षं, एरवी टोमॅटो आणि भाजीपाला. दिवसा पिंपळगाव, रात्री कसारा घाट उतरून वाशी. गेल्या पावसाळ्यापासून गाडीचं काही खरं नाही. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मिणमिणतो, पाऊस नसताना वायपर मध्येच एखादा फेरा मारतो, दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, आणि परवा घाटात हेडलाइट दोन-तीन सेकंद गेले आणि परत आले. गॅरेजवाल्याने सांगितलं, बीसीएम (बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे, वायपर, हॉर्न, लॉक सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेला. नवीन मागवा, नाहीतर भंगारातला आणून लावतो. भाऊ विचारतात, नवीन घेऊ की भंगारातला, आणि घरीच बसवला तर गाडी चालू होईल का?

मी आडगाव नाक्याकडे गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, पंचवीसएक वर्षं झाली. उत्तर लांब होणार आहे. त्याआधी एक विनंती: दोष सापडेपर्यंत ही गाडी रात्री घाटात नेऊ नका. ताशी ५०च्या वेगाने दोन सेकंदांत गाडी जवळजवळ २८ मीटर जाते. कसाऱ्याच्या वळणावर तेवढं अंतर अंधारात जाणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. माल दुसऱ्याच्या गाडीतून पाठवा, भाडं जाऊ द्या.

आता डब्याचं. जुन्या गाड्यांत स्विच दाबला की करंट स्विचमधून किंवा एखाद्या रिलेतून सरळ बल्बला जायचा. वायर धरून मागे-मागे गेलं की दोष सापडायचा. बीसीएम आल्यापासून स्विच फक्त खूण करतो. ‘मला दाबलंय’ एवढंच तो डब्याला कळवतो. दार उघडं की बंद, चावी कुठल्या खटक्यावर, ब्रेक दाबलाय का, हे सगळं डबा बघतो आणि मग बल्बला, वायपरला, हॉर्नला, लॉकला करंट सोडतो. म्हणजे डबा ज्यांच्या सांगण्यावर चालतो, त्या वायरी आणि ते स्विच चुकीचं सांगत असतील तर डबा धडधाकट असूनही गाडी वेडीवाकडी वागते. त्याला मिळणारा पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह अर्धवट असेल तरी तेच. गॅरेजवाल्याला बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

हे मला दिंडोरीच्या एका गिऱ्हाइकाच्या पैशांनी कळलं. त्यांच्या गाडीचा वायपर बंदच होत नव्हता. मी डबा बदलला, वायपर थांबला, मी पैसे घेतले. तीन आठवड्यांनी गाडी परत दारात, तोच वायपर. या वेळी नीट बसून पाहिलं, तर कपलरमधल्या, म्हणजे वायरी डब्याला जोडणाऱ्या खोबणीतल्या, एका पिनेवर हिरवा थर चढला होता. डबा बदलताना मी कपलर काढून परत दाबला होता. त्या घासण्याने थर खरवडला गेला, पिनेला पिन भिडली, आणि मला वाटलं नव्या डब्याने काम केलं. त्यांचा जुना डबा चांगला होता. मी पैसे परत केले, पण ऐन टोमॅटोच्या हंगामात त्यांचे जे दिवस गेले ते मला देता आले नाहीत. तेव्हापासून मी कुठलाही डबा बदलायला काढण्याआधी जुनाच डबा काढतो, कपलर साफ करतो, पिना भिंगाखाली बघतो, आणि तोच डबा परत बसवून दोन-चार दिवस गाडी चालवायला देतो. दोष गेला किंवा बदलला, तर खराबी कपलरमध्ये आहे. जसाच्या तसा राहिला, तर पुढचं बघायचं.

तुमच्या चार तक्रारी मी एका दोषाच्या खात्यावर लगेच टाकणार नाही. एकेक घेऊ.

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणणं हे दहापैकी बहुतेक वेळा मागच्या दिव्याच्या निगेटिव्हचं काम असतं. मागच्या दिव्यात ब्रेकचा २१ वॅटचा, पार्किंगचा ५ वॅटचा आणि इंडिकेटरचा, सगळ्यांचा निगेटिव्ह एकाच वायरीने चॅसिसला जातो. हौद्याखालची ती जागा चिखल, खताची पोती आणि कांद्याच्या ओलीने गंजते. निगेटिव्ह तुटला की ब्रेकचा करंट परत जायला वाट शोधतो. तो इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, त्या वायरीने पुढच्या इंडिकेटरपर्यंत जातो आणि तिथल्या निगेटिव्हला टेकतो. म्हणून दिवा पूर्ण लागत नाही, मिणमिणतो. हे तपासायला दहा मिनिटं लागतात. मागच्या दिव्याच्या निगेटिव्हला एक जाड वायर जोडा, दुसरं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. मिणमिणणं थांबलं तर तो विषय तिथेच संपला. बोल्ट काढा, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, नवीन लग लावा, वरून ग्रीस. रंगावर किंवा गंजावर बोल्ट आवळून उपयोग नाही.

वायपरचं थोडं बारीक आहे. बऱ्याच गाड्यांत वायपरच्या दांडीपासून डब्यापर्यंत एकच खुणेची वायर असते आणि प्रत्येक खटक्याला वेगळा रेझिस्टन्स. डबा तो आकडा वाचून ठरवतो, बंद की थांबून-थांबून की जोरात. दांडीच्या आत किंवा कपलरमध्ये ओल शिरली की भलताच आकडा जातो आणि डबा समजतो, मालकाने थांबून-थांबून चालवायला सांगितलंय. इथे स्कॅनर, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावून डब्यांतली माहिती वाचायचं यंत्र लागतं, पण नुसता दोषांचे कोड वाचणारा नाही, चालू स्थिती दाखवणारा. दांडी बंद ठेवून स्क्रीनवर वायपर स्विचची ओळ बघत बसायचं, दांडी हलवायची, स्टिअरिंगखालची वायर हलवायची. वायपर फिरला त्या क्षणी स्क्रीनवर ‘बंद’ असेल, तर दोष डब्यात किंवा डब्याच्या पुढे. स्क्रीनवर ‘चालू’ उमटलं, तर डबा निर्दोष आहे, त्याला तसंच सांगितलं गेलंय. ही एक तपासणी करायला पंधरा मिनिटं लागतात आणि कित्येक डबे यामुळे वाचतात. ज्याच्याकडे असा स्कॅनर नाही त्याने ‘बीसीएम गेला’ म्हणायला नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

बॅटरीबद्दल तुम्ही म्हणता नवीनच टाकली आहे. मग गाडी उभी असताना करंट कुठे जातोय ते मोजायचं. बॅटरीचा निगेटिव्ह काढून मध्ये मीटर लावायचा, १० अँपिअरच्या खटक्यावर, आणि मीटर लावलेला असताना सेल्फ अजिबात मारायचा नाही. दारं बंद करायची, चावी लांब ठेवायची. सुरुवातीला एक-दोन अँपिअर दिसतील, घाबरू नका. डबे झोपायला वेळ घेतात. वीस-तीस मिनिटं थांबल्यावर आकडा ५० मिलिअँपिअरच्या खाली यायला हवा. अर्धा-एक अँपिअरवरच अडकला, तर डबा झोपत नाहीये. पण का झोपत नाहीये? क्लीनरच्या दाराचा स्विच चिकटला असेल तर डब्याला रात्रभर दार उघडं दिसतं. स्क्रू-ड्रायव्हरने दाराचं लॅच दाबून फसवून बघा. त्यानंतर गाडीत बाहेरून लावलेलं काय-काय आहे ते बघा. एका अँपिअरने दोन दिवसांत ४८ अँपिअर-तास जातात, आणि पिकअपच्या बॅटरीत त्यानंतर सेल्फ फिरवण्याएवढं काही उरत नाही. फ्यूज एकेक उपटून शोधायची सवय आपल्याकडे सगळ्यांना आहे. ती सोडा. फ्यूज परत लावला की झोपलेले डबे जागे होतात आणि आकडे गोंधळतात. त्याऐवजी फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मीटर मिलिव्होल्टवर धरा. ज्या फ्यूजवर काहीतरी आकडा येतो, त्यातूनच करंट चाललाय.

निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, म्हणून हेही सांगतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे अर्धी उतरलेली बॅटरी सेल्फ मारताना साडेनऊ व्होल्टच्याही खाली जाते. त्या क्षणी डबे अर्धवट बेशुद्ध होतात आणि लॉक खाडखाड वाजणं, मीटरवरचे सगळे दिवे लागणं असले प्रकार होतात. तो डब्याचा दोष नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. मग मीटर एसीच्या खटक्यावर फिरवून परत बॅटरीवर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय, आणि त्याने व्होल्टेजमध्ये उठणारी लहर प्रत्येक डब्याला त्रास देते.

राहिले हेडलाइट, आणि सगळ्यात गंभीर तेच. इथे डब्याचा स्वतःचा पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह भाराखाली मोजायचा. हेडलाइट, पंखा, मागची काच गरम करायची सोय असेल तर तीही, सगळं चालू करा. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, लाल पिन डब्याच्या कपलरच्या मागून निगेटिव्हच्या वायरीवर. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ०.३ किंवा वर असेल तर डब्याचा पाया हलतोय. तसंच पॉझिटिव्हचं: एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी डब्याच्या पॉझिटिव्हवर. काही वायरमन चावी बंद करून रेझिस्टन्स मोजतात आणि शून्य दाखवतात. वायरीच्या वीस तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी मीटर शून्यच दाखवतो, पण हेडलाइटचा भार त्या एका तारेला झेपत नाही. म्हणून मोजायचं ते भार टाकूनच. माझ्याकडे २१ वॅटचा बल्ब दोन वायरींना लावून ठेवलेला आहे, ज्या पिनेवर शंका त्या पिनेवर तो पेटवून बघतो. पण तो मोठ्या करंटच्या पिनांसाठी आहे. खुणेच्या बारीक वायरींवर असला बल्ब लावू नका, डब्याच्या आतलं जळेल.

स्कॅनरने कोड दाखवला तर तो कोणी टाकलाय ते बघा. यू०१४० हा कोड बरेच जण दाखवतात आणि म्हणतात, हे बघा, लिहूनच आलंय. त्या कोडचा अर्थ एवढाच की दुसऱ्या एखाद्या डब्याला बीसीएमचा आवाज ऐकू येत नाही. बोलणारा मुका झाला की मधली तार तुटली, हे त्यात नाही. डबे एकमेकांशी दोन पिळलेल्या वायरींवर बोलतात, त्यांना कॅनच्या वायरी म्हणतात. दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. बॅटरी काढून, १६ पिनांच्या स्कॅनर सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मोजलं की बहुतेक गाड्यांत ६०च्या आसपास आकडा येतो. १२० आला तर एका टोकाकडची वायर तुटलीय. शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. सॉकेटमध्येच जीपीएसवाल्याने किंवा म्युझिकवाल्याने वायरी खुपसून ठेवल्या असतील, तर आधी त्या काढा. हे मी दर महिन्याला पाहतो.

आणि पाणी. तुम्ही पावसाळ्यापासून म्हणालात, म्हणून माझा सगळ्यात जास्त संशय इथे आहे. पुढची काच कधी बदलली होती का? वायपरखालच्या जाळीत कडुनिंबाचा किंवा गुलमोहराचा पाला साचून पाणी जायची वाट बंद झाली आहे का? एसी असेल तर त्याची पाण्याची नळी तुंबली आहे का? इंजिनातून केबिनमध्ये वायरी येतात, तिथला रबर फाटलाय का? पाणी वायरीच्या अंगावरून ओघळत येतं आणि वायर जिथे खाली वळून डब्यात शिरते तिथे थेट कपलरमध्ये उतरतं. क्लीनरच्या पायाखालचं मॅटिंग उचलून खालचा नमदा दाबून बघा. हाताला ओल लागली किंवा कुबट वास आला, तर पुढचं सगळं काम तिथून सुरू करायचं. असा ओला डबा सकाळी दंव असताना वेड करतो आणि दुपारी ऊन तापलं की शहाणा होतो. मालक गाडी दुपारी गॅरेजला आणतो, गॅरेजवाल्याला काही सापडत नाही. तुमच्या गाडीचं तसं होत असेल तर ती आदल्या संध्याकाळी आणून ठेवा, मी पहाटे बघतो.

एवढं सगळं झाल्यावर डबा दोषी ठरतो तो असा: पॉझिटिव्ह, निगेटिव्ह भाराखाली बरोबर. स्विचची खूण डब्यापर्यंत पोचतेय, स्क्रीनवर दिसतेय. पुढची वायर कपलरपासून सोडवली, तिच्यात शॉर्ट नाही. स्कॅनरने हुकूम दिला तरी डब्याच्या पिनेवर करंट येत नाही, किंवा हुकूम नसताना येतो. तेव्हाच मी म्हणतो, डबा. शॉर्ट आधी बघायचा कारण बरेच डबे शॉर्ट दिसला की ती वाट स्वतःहून बंद करतात. वायर दुरुस्त करून चावी बंद-चालू केली की वाट परत उघडते. ज्याने हे न बघता डबा बदलला, त्याचा नवा डबाही तीच वाट बंद करून बसतो.

दोषी ठरला तरी उघडून बघा. वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी आतल्या सर्किटच्या पाटीवर रिलेच्या पायांजवळ रांगोळीच्या ठिपक्याभोवती असावी तशी बारीक गोल चीर पडलेली असते. हेडलाइट क्षणभर जाऊन येणं या चिरेला अगदी शोभतं. खड्ड्यात संपर्क जातो, पुढच्या धक्क्याला येतो. चांगल्या हाताने परत सोल्डर केली की डबा आणखी कित्येक वर्षं चालतो. रिलेचे पॉइंट जळाले असतील तर त्याच क्षमतेचा रिले लावायचा, मोठा बसवून चालत नाही. हिरवट बुरशी असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. पेट्रोल नको, थिनर तर मुळीच नको. सावलीत पूर्ण सुकवायचा. पाटीच्या आतले थर जळून कोळसा झाले असतील, किंवा मधली मोठी चिप गेली असेल, तर मात्र दुरुस्तीच्या मागे लागू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. माझा क्रम असा आहे: दुरुस्त होत असेल तर स्वतःचाच डबा, नसेल तर नवीन, आणि भंगारातला सगळ्यात शेवटी. भंगारातला डबा वाईटच असतो असं नाही. अंबड-सातपूर लिंक रोडच्या भंगार बाजारातून आणलेले सुटे भाग आमच्या पिढीने खूप वापरले. पण सेल्फ किंवा अल्टरनेटर आणणं वेगळं आणि बीसीएम आणणं वेगळं. बीसीएममध्ये कोणत्यातरी दुसऱ्या गाडीचा चॅसिस नंबर लिहिलेला असतो, तिच्या चाव्या असतात, तिला रिमोट होता की नव्हता, एबीएस होतं की नव्हतं, ही सगळी माहिती असते. बाहेरून डबा हुबेहूब, कपलर बसतात, आणि गाडी चालू होत नाही. किंवा चालू होऊन दोन सेकंदांत बंद पडते आणि मीटरवर चावीचं चिन्ह लुकलुकतं. तो चोरीविरोधी इमोबिलायझर आहे. काही गाड्यांत तो बीसीएममध्ये असतो, काहींत वेगळा डबा असतो. तुमच्या गाडीत कुठे आहे ते विचारून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. डब्यावरचा भाग-क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळायला हवा. शेवटचं एक अक्षर वेगळं असलं तरी आतली मांडणी वेगळी असू शकते.

शेजारच्याच्या गाडीचा डबा तात्पुरता लावून बघू, हा सल्लाही कुणी दिला तर ऐकू नका. काही डबे चावी फिरवताच त्या गाडीशी बांधले जातात. मग तुमची गाडीही बंद आणि शेजाऱ्याचीही.

नवीन डबा कोरा येतो. त्यात चॅसिस नंबर लिहिणं, गाडीची रचना भरणं आणि चाव्या शिकवणं, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरला किंवा तशी सोय असलेल्या माणसाकडेच होतं. दोन्ही चाव्या न्या. चाव्या शिकवताना समोर नसलेली चावी बऱ्याच गाड्यांत यादीतून निघून जाते, मग घरी ठेवलेली दुसरी चावी नुसती दार उघडायच्या कामाची राहते. आरसी आणि ओळखपत्र न्या, प्रामाणिक कारागीर ते मागेलच. न मागणाऱ्याकडून चावीचं काम करून घेऊ नका. तिसरी वाट म्हणजे जुन्या डब्याच्या मेमरी चिपमधली माहिती वाचून त्याच क्रमांकाच्या दुसऱ्या डब्यात उतरवणं. हे काम चांगलं झालं तर चाव्याही त्याच चालतात. पण त्यासाठी जुना डबा हवा, आणि इथेच लोक फसतात. गॅरेजवाला म्हणतो जुना ठेवून जा, आणि मालक ठेवून येतो. जुना डबा जळलेला, फुटलेला, कसाही असला तरी घरी आणा. त्यात तुमच्या गाडीची ओळख आहे. किलोमीटरचा आकडाही काही गाड्यांत डब्यात असतो. नव्या डब्यानंतर आकडा बदलला तर बिलावर जुना आणि नवा दोन्ही लिहून घ्या, उद्या गाडी विकताना तुमच्यावर बोट यायला नको.

घरी बसवता येईल का? काढणं-बसवणं तुम्ही करू शकता. पुढचं लिहिणं-शिकवणं घरी होणार नाही, म्हणून गाडी जिथे ते होणार तिथेच उभी करून डबा काढा. काढण्याआधी जुन्या डब्यातली रचना स्कॅनरने वाचून तिचे फोटो घ्या, डबा जिवंत आहे तोवरच हे होतं. चावी काढा, बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा, पंधरा मिनिटं थांबा. कपलरचे फोटो काढा. कपलरला खटका किंवा दांडी असते, ती उघडल्यावर तो आपोआप सुटतो. वायरीला धरून ओढू नका. पिनांना बोट लावू नका, आणि डबा हातात घेण्याआधी उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज निघून जाते. नवा बसवताना सगळे कपलर आधी, बॅटरी शेवटी. डब्यात माहिती लिहिली जात असताना व्होल्टेज पडलं तर डबा कायमचा निकामी होतो. त्यामुळे त्या वेळी बॅटरीला स्थिर पुरवठा जोडलेला हवा. रस्त्याकडेचा साधा चार्जर नको, त्याची लहर वाईट असते. दिवे बंद, पंखा बंद, दारं बंद, आणि कुणी मध्येच दार उघडून ‘झालं का’ विचारायला नको.

डबा ज्या कारणाने गेला ते कारण तसंच राहिलं तर नवाही जाईल, म्हणून तुमच्या गाडीला पहिल्या दिवसापासून काय-काय जोडलं ते आठवा. हौद्याच्या कडेची एलईडी पट्टी, जादा फोकस, प्रेशर हॉर्न, हे सगळं डब्याच्या वायरीला टोचून घेतलेलं असेल तर काढून टाका. प्रत्येकाला बॅटरीवरून वेगळा फ्यूज आणि वेगळा रिले द्या. हौद्याचं वेल्डिंग केलं होतं का? वेल्डिंगआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा असतो आणि वेल्डिंगची अर्थिंग कामाच्या अगदी जवळ लावायची असते, नाहीतर तो करंट वायरिंगमधून वाट काढतो. आणि घाटात बॅटरी उतरली म्हणून एखाद्या मोठ्या ट्रकवरून जंप मारला असेल, तर तेही सांगा. मोठा ट्रक २४ व्होल्टचा, तुमची गाडी १२ची. त्याच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकाच बॅटरीवरून घेतलं तर ठीक, दोन्हींवरून घेतलं तर एका झटक्यात अनेक डबे जातात.

काम झाल्यावर गाडी लगेच ताब्यात घेऊ नका. कारागिराला सोबत उभं करून प्रत्येक स्विच दाबा: दोन्ही हेडलाइट, डिपर, चारही इंडिकेटर, पार्किंग, ब्रेक, रिव्हर्स, हॉर्न, वायपरचा प्रत्येक खटका, लॉक, दोन्ही चाव्यांनी सेल्फ. सगळे डबे स्कॅन करून एकही कोड शिल्लक नाही हे बघा. उभ्या गाडीचा करंट परत मोजून घ्या, तो ५० मिलिअँपिअरखाली हवा. मग पाइपने पुढच्या काचेच्या बुडाशी दहा मिनिटं पाणी सोडा आणि नमदा परत दाबून बघा. कोरडा असेल तर डब्याकडे जाणाऱ्या वायरीला कपलरच्या आधी खाली एक झोळ द्या, म्हणजे उद्या कुठून पाणी आलंच तर ते झोळाच्या तळाशी थेंबथेंब गळेल, कपलरमध्ये शिरणार नाही.

नंतर चार रात्री फक्त पिंपळगाव ते ओझर अशा फेऱ्या मारा, रिकामी नाही, माल भरून, आणि खड्डे चुकवू नका. हेडलाइट एकदाही लुकलुकले नाहीत, तर पाचव्या रात्री वाशीचा माल भरा.